थर्मन क्वेलची आजन्म हमी

थर्मन क्वेलने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक म्हणजे काउंटी कोर्टाच्या मागच्या दाराशी अगदी योग्य वेळी गाडी उभी केली. दुसरी म्हणजे पुढची एकतीस वर्षं त्याविषयी तो बोलत राहिला.

आमच्या बिटर फोर्कच्या कोर्टाच्या तळघरात १९८८ साली पाणी शिरलं. खाली शंभर वर्षांचे कागद होते. ते वाळवायचे म्हणजे माणसं लावा, त्यापेक्षा जाळून टाकावेत असं काउंटीच्या बोर्डाने एकमताने ठरवलं. आमच्या बोर्डाचं एकमत अशाच कामांत होतं. थर्मन तेव्हा घरोघर गॅस पोचवायचा. त्याने चौदा खोकी पिकअपमध्ये टाकली आणि शेकोटीला होतील म्हणून घरी आणली.

"ओले आहेत," त्याची बायको आर्डिस म्हणाली. "नुसता धूर होईल. गॅरेजमध्ये टाक."

या वाक्याने मोंटानाचा इतिहास वाचला, असं थर्मन पुढे भाषणांतून सांगत असे. फक्त ते वाक्य तो स्वतःच्या तोंडी घालायचा.

खोक्यांत निघाल्या चिठ्ठ्या. अमक्याला घोड्यांच्या चाऱ्याचे चार डॉलर द्यावेत, तमक्याला कैद्यांच्या घेवड्याचे दोन डॉलर द्यावेत, आणि खाली शेरीफ एसा लॉकरिजची सही. हा लॉकरिज म्हणजे आमचा इतिहासपुरुष. १८८६ साली त्याने तबेल्यामागे पाच मिनिटांत तीन माणसं मारली. त्यातली दोन चोर होती आणि तिसरा दूध घालायला आला होता, पण पुतळ्याखालच्या पाटीवर इतकं सगळं मावत नाही. दर जुलैत आम्ही त्याचा उत्सव करतो. त्या दिवशी दंतवैद्यसुद्धा कमरेला पिस्तूल लावून फिरतात.

अशा दोनशे बारा चिठ्ठ्या थर्मनच्या हाती लागल्या. सगळ्या एकदम बाजारात काढल्या असत्या तर भाव पडला असता, एवढं त्याला गॅसच्या धंद्याने शिकवलं होतं. म्हणून दरवर्षी त्याला फक्त दोनच "सापडायच्या". वसंतात एक, हिवाळ्यापूर्वी एक, हरणांच्या शिकारीच्या मोसमासारखं. बिलिंग्सच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात टेबल मांडून तो बसायचा, हॅट घालायचा, आणि गिऱ्हाईक आलं की काचेखालची चिठ्ठी उचलायच्या आधी अर्धा मिनिट डोळे मिटायचा. त्या अर्ध्या मिनिटाचे शंभरेक डॉलर वेगळे पडायचे.

सहीची खूणही त्यानेच शोधली. लॉकरिज या नावातल्या पहिल्या अक्षराची, एलची, शेपटी खाली येऊन माशाच्या गळासारखी वळायची. तिला थर्मन "लॉकरिजची आकडी" म्हणे. बंदूक चालवणाऱ्या बोटाचा तो झटका आहे, असं त्याचं संशोधन होतं. त्यावर त्याने सोळा पानांची पुस्तिका छापली. ती अजून कॅफेच्या गल्ल्याशी, वाळवलेल्या मांसाच्या बरणीशेजारी मिळते. आकडी असेल तर सही खरी, नसेल तर कागद चुलीत. चार राज्यांतून लोक त्याला कागद पाठवत आणि तो निकाल देत असे. प्रत्येक विकलेल्या चिठ्ठीसोबत तो हमीपत्र द्यायचा. सही खोटी ठरली तर पैसे परत, हमी आजन्म. कोणाच्या जन्माची, ते लिहिलं नव्हतं.

त्याचा निकाल एकदाच कोणी मान्य केला नाही. ती त्याची सासू थोरा.

थँक्सगिव्हिंगचा दिवस होता. टर्की कापून झाली होती. थोराने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. तिची आजी गुनहिल्ड आसेन हिच्या जमिनीचा तो कागद. त्या काळी सरकारी जमीन पाच वर्षं कसून दाखवली की नावावर व्हायची, पण शेजारपाजारच्या दोघांनी साक्ष द्यावी लागे. गुनहिल्डचा एक साक्षीदार होता एसा लॉकरिज.

थर्मनने भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग हसला.

"आई, आकडी कुठाय? इथे तर फुली आहे."

"फुलीच आहे. कारकुनाने नाव लिहिलं, त्याने फुली काढली. बाजूला 'त्याची निशाणी' असं लिहिलंय ते वाच."

"फुली कोंबडीसुद्धा काढेल."

"माझ्या आजीसमोर बसून काढलीय त्याने. कोंबडी नव्हती तिथे."

"मग तो दुसरा कोणी लॉकरिज असेल."

"काउंटीत माणसं तीनशे, आणि त्यात एसा लॉकरिज दोन?"

"इतिहासात असं होतं, आई," थर्मन म्हणाला आणि त्याने बटाटे वाढून घेतले.

थोराने कागदाची घडी घातली. पुढे अठ्ठावीस वर्षं ती जावयाशी हवामानाबद्दल बोलली. आमच्याकडे हवामान भरपूर असतं, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही.

गेल्या जानेवारीत थोरा गेली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. आर्डिसच्या वाट्याला तिचं एक शिवणाचं खोकं आलं. त्यात गुनहिल्डची पाककृतींची वही होती. थोराने ती मुलीलाही कधी दाखवली नव्हती. मुलीला दाखवली तर जावई भिंग घेऊन येईल, ही भीती होती.

मी एकवीस वर्षं आर्डिसच्या शेजारी राहते. त्या दिवशी तिचं ओव्हनमधलं भांडं परत द्यायला गेले, तर ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी. समोर ती वही आणि शेजारी थर्मनची पुस्तिका, दोन्ही उघडी. गॅसवरची कॉफी उकळून कडू झाली होती, तिचं लक्ष नव्हतं.

"हे बघ," ती मला म्हणाली.

वही नॉर्वेजियन भाषेत होती. मला कळण्यासारखे शब्द दोनच, लेफ्से आणि लुटेफिस्क. बटाट्याच्या पोळ्या आणि ते भयंकर मासे. नाताळात आर्डिस ते आम्हाला खायला घालते आणि आम्ही शेजारधर्म म्हणून खातो. दोन्ही शब्द एलने सुरू होतात, आणि दोन्हींच्या एलची शेपटी खाली येऊन गळासारखी वळली होती. लापस्काउस नावाच्या रश्श्यावरही तीच आकडी. वहीच्या मागच्या पानांवर इंग्रजीत टिपणं होती. तुरुंगात चार माणसं, घेवडा दोन वेळा, एकाला दात नाहीत, पाव भिजवून देणे. गुनहिल्डचा नवरा पहिल्याच हिवाळ्यात गोठून मेला, मग तिने नऊ वर्षं तुरुंगात स्वयंपाक केला, हे आर्डिसने मला पूर्वी सांगितलं होतं.

"आणि हे," तिने पान उलटलं.

माशाच्या वड्या आणि राईच्या पावाच्या मधे एक पूर्ण पान होतं. त्यावर तुपाचे डाग आणि वरून खाली सहा वेळा लिहिलेलं एकच नाव. एसा लॉकरिज. पहिलं जरा बिचकत, सहावं अगदी झोकात.

तेवढ्यात थर्मन आत आला. आर्डिसने वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने भिंग काढलं. माणूस धंद्यात पक्का होता, पाहायचं टाळलं नाही. पाहता पाहता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"प्रेमात पडली असेल," तो शेवटी म्हणाला.

"कोण?"

"तुझी पणजी. शेरीफच्या. बायका प्रेमात पडल्या की त्या माणसाचं नाव गिरवत बसतात."

"मी तीसएक वर्षं तुझं नाव गिरवतेय, ते काय प्रेमापोटी?"

थर्मन माझ्याकडे बघू लागला. मी भांडं पुसू लागले, जे कोरडंच होतं.

मला हे नवीन होतं, पण त्या घरात नव्हतं. थर्मनचं अक्षर असं की काटेरी तारेत अडकलेलं वासरूच. सुरुवातीच्या दोन गिऱ्हाइकांनी हमीपत्रावरची त्याची सही पाहून चिठ्ठ्याच परत ठेवल्या होत्या. सह्यांच्या जाणकाराची सही अशी कशी, म्हणून. आर्डिसला शाळेत सुलेखनाचं बक्षीस मिळालेलं. तिने तिसऱ्या हमीपत्रापासून त्याच्या नावाची सही करायला घेतली. गोल टी, भरदार क्यू आणि त्याची लांब, डौलदार शेपटी. त्या सहीकडे पाहूनच लोक थर्मनला अभ्यासू समजत.

"ते वेगळं," थर्मन म्हणाला. "ते घरातलं आहे. हा काउंटीचा शेरीफ. नऊ वर्षं स्वयंपाकीण त्याच्या नावाने सह्या करते आणि कोणाला कळत नाही?"

"कोणाला कळणार? ज्याला वाचता येत होतं, तो सही करत होता. म्हणजे ती."

"आर्डिस, बाहेर गेलेल्या चिठ्ठ्या बासष्ट आहेत. प्रत्येकीला हमी आहे."

"तुझी आहे ना? मग दे."

आता खरी गोष्ट अशी की आर्डिसला चिठ्ठ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं ते गावच्या संग्रहालयातल्या एका फोटोखाली. जुलैच्या उत्सवात "लॉकरिज दालन" उघडायचं होतं. दालनात मध्यभागी तुरुंगापुढचा १८८६ चा फोटो लावणार होते. फोटोत पाच पुरुष, एक घोडा आणि कडेला हातात पातेलं घेतलेली बाई. खालच्या ओळीचा मसुदा थर्मननेच लिहिला होता. पाचही पुरुषांची नावं, घोड्याचं नाव मेजर, आणि मग "एक स्वयंपाकीण".

"घोड्याला नाव आहे," आर्डिस म्हणाली.

"घोड्याचं नाव नोंदीत सापडलं."

"हिचंही सापडलं आता. फोटोखाली नाव लाव, सह्या तिच्या आहेत असं लिही, आणि ज्यांना चिठ्ठ्या विकल्यास त्यांना कळव."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर पुढच्या हमीपत्रावर तू सही कर."

थर्मन खुर्चीत बसला. तिथेच त्याने कडू कॉफी प्यायली आणि साखर मागितली नाही, तेव्हा मला कळलं की आर्डिस जिंकली.

गिऱ्हाइकांची यादी तिच्याकडेच होती. पंधरा जण तोवर मेले होते, म्हणजे ज्यांच्या जन्माची हमी असेल त्यांची मुदत संपली होती. उरलेल्या एक्केचाळीस जणांना आणि संग्रहालयाला तिने पत्रं टाइप केली. सरळ, चार ओळींची. शेरीफला लिहिता येत नव्हतं, सह्या गुनहिल्ड आसेन हिच्या आहेत, चूक माझी झाली, चिठ्ठी परत पाठवल्यास पैसे परत.

"सही तू कर," तिने थर्मनला सांगितलं. "आतापर्यंत खोट्याखाली मी करत आले. हे खरं आहे. हे तुझ्या हाताने जाऊ दे."

बेचाळीस सह्या करायला त्याला दोन दिवस लागले. जीभ बाहेर काढून करत होता. मी पाहिलं, मला त्याची थोडी दयाही आली. फार नाही.

मग दोघं वाट पाहत बसली. थर्मनने पिकअप विकायला काढायची तयारी ठेवली होती. पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागेल, असा त्याचा अंदाज होता. एकतीस वर्षं लोकांना इतिहास विकूनही लोक काय विकत घेतात हे त्याला कळलेलं नव्हतं.

तीन आठवड्यांत नऊ उत्तरं आली. पैसे कोणीच मागितले नाहीत. नेव्हाडातल्या एका बारवाल्याने लिहिलं, चिठ्ठी गल्ल्यामागे टांगली आहे, छान दिसते, तुम्ही काळजी करू नका. एका बाईने कळवलं की चिठ्ठी नवऱ्याला साठाव्या वाढदिवसाला दिली आहे, त्याला वरचेवर छातीत दुखतं, म्हणून तुमचं पत्र मी शेगडीत टाकलं, पुन्हा लिहू नये. एकाने मृत शेरीफची बदनामी केल्याबद्दल वकिलाची धमकी दिली. एकाने विचारलं, शेरीफच्या अजून दोन मिळतील का.

नववं पत्र टेक्सासहून आलं, डॉक्टर लामार पेटिग्रू यांचं. त्यांच्याकडे सात चिठ्ठ्या होत्या. पत्र चार पानांचं होतं, आणि त्याची प्रत त्यांनी संग्रहालयाच्या समितीला पाठवली होती. म्हणून ते आम्हाला बॉइड हॅमरक्विस्टने मोठ्याने वाचून दाखवलं. हा समितीचा अध्यक्ष, एरवी खिळे-कुलपांचं दुकान चालवतो. शनिवारी सकाळी तो चिखलाच्या बुटांनी थेट आर्डिसच्या स्वयंपाकघरात आला.

"थर्मन, कोणीतरी तुझ्या नावाने लोकांना पत्रं पाठवतंय."

"मीच पाठवली."

"ऐकून तर घे. हा डॉक्टर हुशार माणूस आहे. त्याने तुझी पुस्तिका वाचलीय. तुझीच पद्धत वापरून त्याने पत्रावरची सही सातही हमीपत्रांशी ताडून पाहिली." बॉइडने चष्मा लावला. "'मिस्टर क्वेल यांच्या क्यूची शेपटी उजवीकडे एक इंच जाते. या भामट्याच्या क्यूला शेपटीच नाही. हा हात अशिक्षित, वयस्क आणि बहुधा दारूच्या अमलाखालचा आहे.'"

आर्डिसने तोंडावर फडकं धरलं.

"मी पीत नाही," थर्मन म्हणाला.

"तेच तर म्हणतोय! तुझी सही मी ओळखत नाही? माझ्या दुकानात तुझं हमीपत्र फ्रेममध्ये आहे. रोज बघतो."

"बॉइड," आर्डिस म्हणाली, "हमीपत्रावरची सही माझी आहे. पत्रावरची याची."

बॉइडने तिच्याकडे फार प्रेमळपणे पाहिलं. दुकानात बायका स्क्रूचं माप चुकीचं सांगतात तेव्हा तो असंच बघतो.

"आर्डिस, आई गेल्यापासून तुझ्यावर ताण आहे. समजतं मला."

"कागद आण," थर्मन ओरडला. "समोर करून दाखवतो."

त्याने बिलाच्या पाठीवर सही केली. तिघांनी वाकून पाहिली. वासरू तारेत अडकलेलंच होतं.

"आता तू मुद्दाम वाकडी काढतोयस," बॉइड म्हणाला. "बायकोची बाजू राखतोस, चांगलं आहे. पण समितीला असल्या सहीवर इतिहास बदलता येत नाही. सोमवारी पाट्या छापायला जाणार. तोवर तुझ्या खऱ्या सहीचं पत्र दिलंस, तर तुझ्या पणजीचं बघू."

"माझ्या पणजीचं," आर्डिस म्हणाली.

"तेच ते," असं म्हणून बॉइड ओट्यावरच्या ॲपल पायचा एक तुकडा घेऊन गेला.

थर्मन बिलाच्या पाठीकडे बघत होता. एकसष्ट वर्षं वापरलेली स्वतःची सही त्याला प्रथमच नीट दिसत असावी.

"मला वाटलं होतं," आर्डिस शेवटी म्हणाली, "निदान हे एक तरी सरळ होईल."

"नको करूस मग," थर्मन म्हणाला. खरं सांगते, त्या क्षणी तो माणूस बरा वाटला. "नको करूस. मी समितीपुढे जाऊन सांगतो."

"काय सांगशील? तू तू आहेस असं?"

तिने खण उघडला, चांगलं पेन काढलं आणि संग्रहालयाचं पत्र पुन्हा टाइप करून खाली थर्मन क्वेल अशी सही केली. एका झटक्यात, बिचकणं नाही. रविवारी चर्चमधून येताना तिने ते बॉइडच्या दारात टाकलं.

सोमवारी बॉइडचा फोन आला. समितीने सही तपासली, अस्सल आहे, आता काही शंका नाही. पाटी बदलली. फोटोखाली आता "गुनहिल्ड आसेन, शेरीफच्या सह्या हिच्या हातच्या" असं आहे, घोड्याच्या नावानंतर. मी स्वतः जाऊन पाहिलं. त्याखाली बारीक अक्षरांत हा शोध थर्मन क्वेल यांनी लावल्याचंही लिहिलं आहे.

राहिली एक्केचाळीस गिऱ्हाइकं. त्यांनाही विश्वास बसेल अशी पत्रं जायला हवी होती, आर्डिस अर्धवट काही ठेवत नाही. त्याच दुपारी तिने टेबल पुसलं, पत्रांचा गठ्ठा डावीकडे ठेवला आणि सह्या करायला बसली. थर्मन खुर्ची ओढून शेजारी बसला आणि शाई वाळावी म्हणून एकेक पत्र उचलून फुंकू लागला. बाराव्या की तेराव्या पत्राशी त्याने मान पुढे काढून पाहिलं.

"क्यूची शेपटी जरा लांब घे," तो म्हणाला. "माझी तशी असते."